गाडीचं तोंड कुणीकडे

बालाजी घाट, काशी
२३ नोव्हेंबर १९९५

ती. दादास आणि सौ. वहिनींस शरदिनीचा वाकून नमस्कार. (खरोखर वाकून. सध्या या घरात मान आणि कंबर दोन्ही वाकतात अशी मी एकटीच आहे.) तुझा गुडघा कसा आहे? वहिनींचं ब्लडप्रेशर? इकडे गंगामाईच्या कृपेने सगळं ठीक. यांच्या मानेला डॉक्टरांनी पांढरा पट्टा दिलाय. तो घालून हे विद्यापीठात शिकवतात, तो घालूनच जेवतात आणि तो घालूनच गाडी चालवतात.

तू विचारलं होतंस, गाडी घेऊन वर्ष झालं, कुठे कुठे फिरलात? दादा, आम्ही गाडी फिरवत नाही. आम्ही ती लावतो. आमच्या गल्लीत दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला ओट्यावर चढावं लागतं, तिथे मारुती कुठून शिरणार? ती मैदागिनजवळ वेणीमाधवशास्त्र्यांच्या हात्यात (इकडे आवाराला हाता म्हणतात) असते, घरापासून पंधरा मिनिटं चालत. (म्हणजे गाडीत बसण्यापूर्वीच माणूस दमलेला असतो.) हात्याला अरुंद फाटक, मधे एक दगडी खांब आणि मागच्या भिंतीतल्या कोनाड्यात गणपती. यांचं तत्त्व असं, की गाडी मागे घेत घेत आत घालावी आणि तोंड फाटकाकडे ठेवावं. ‘माणसाला यायची घाई नसते, जायची असते,’ हे म्हणतात. जो माणूस गाडी लावायला वीस मिनिटं घेतो त्याने घाईवर बोलू नये, पण असो. माझं काम गाडीच्या मागे उभं राहून ‘या, या, अजून या, थांबा’ म्हणायचं. समोरचा पानवालाही त्याच्या बोलीत ‘आवे दा, गुरू, आवे दा’, येऊ द्या, म्हणत असतो, आणि हे त्याचं ऐकतात.

तुला आठवतं? मी अठरा वर्षांची असताना तू मला बाबांच्या ऑफिसच्या जीपवर शिकवलं होतंस. दोन ड्रमांच्या मधून मी जीप उलटी काढली, तेव्हा तू खिशातलं पेन काढून मला बक्षीस दिलंस. त्या मुलीला सत्तावीस वर्षांनी घरच्या गाडीत जागा मिळाली, ती गाडीच्या मागे. मला अजून स्टिअरिंगची स्वप्नं पडतात रे. एकदा म्हटलंही, ‘आज मी लावून पाहू का?’ तर हे अगदी काळजीने म्हणाले, ‘अगं, मग मागे कोण उभं राहील?’

आषाढात गाडीचा मागचा कोपरा खांबाला लागून चांगला पोचला. ‘मीच ठोकली, आरशात ऊन आलं,’ असं हे सगळ्यांना सांगत सुटले. आषाढात ऊन! जो माणूस नाकावरचा चष्मा घरभर शोधतो आणि तरी चूक चष्म्याचीच म्हणतो, तो पोच आल्याची कबुली किती हौसेने देतो हे पाहून मी कपाळाला हात लावला.

एवढ्यावर भागलं असतं, पण शास्त्र्यांचं लक्ष गणपतीकडे गेलं. ते यांना म्हणाले, ‘नरहरपंत, रोज सकाळी गजाननाच्या तोंडावर धूर सोडता? देवापुढून निघताना आपण पाठ दाखवतो का? मागे सरकत निघतो. मग गाडीलाच काय माज आलाय?’ हात्याचे मालक तेच, तेव्हा प्रश्न गंभीर झाला. काशीत गंभीर प्रश्न चालून सुटत नाही, त्याला बसावं लागतं. दोघं ओट्यावर बसले. गाडी मागे घेत आत घालावी हा पूर्वपक्ष यांचा, सरळ आत घालून मागे सरकत बाहेर काढावी हा उत्तरपक्ष शास्त्र्यांचा. रथ निघाले, सारथी निघाले, घोड्यांची तोंडं निघाली. रिव्हर्स गिअर कोणत्याही स्मृतीत नाही, यावर मात्र दोघांचं एकमत झालं. मधे तीनदा चहा झाला. (तो कोणी केला याची नोंद निर्णयात नाही.) निर्णय असा लागला, की चतुर्थीपासून गाडीचं तोंड देवाकडे.

आता पट्टा घातलेल्या माणसाने मान न वळवता भर मैदागिनच्या रस्त्यावर उलटं निघायचं! माझीही बढती झाली. पूर्वी मी एका गाडीला थांबवत होते, आता दोन्ही हात पसरून रिक्षा, सांड आणि शववाहिनी थांबवते. त्या सांडाला मात्र शास्त्र ठाऊक नाही. गाडीचं तोंड कुणीकडेही असो, तो आडवाच बसतो.

परवा मंगळवारी दुपारी शास्त्र्यांच्या सुनीतीकाकू घाटाच्या पायऱ्यांवर घसरल्या. पाय मोडला. दोन नावाड्यांनी खुर्चीत बसवून त्यांना गल्लीतून हात्यात आणलं आणि मागच्या सीटवर आडवं केलं. गाडीचं तोंड अर्थात गणपतीकडे. हे गाडी मागे घेऊ लागले की मान अडकायची, गाडी बंद पडायची. शास्त्री खिडकीतून डोकं घालून म्हणाले, ‘आपत्काली सरळ निघणं चालतं, नरहरपंत, वळवून घ्या.’ हे म्हणाले, ‘वळवू कुठे, खांबावर?’ पुन्हा दोन पक्ष पडले. शेवटी मागून काकू ओरडल्या, ‘अहो, तुमचा निर्णय होईतो माझं तेरावं होईल! शरदिनी, तू बस पुढे.’

हे उतरले. किल्ली माझ्या हातात दिली आणि गाडीच्या मागे जाऊन उभे राहिले. ‘ये, ये, अजून ये...’ दादा, मी एका दमात गाडी बाहेर काढली. पानवाल्याला ‘आवे दा’ म्हणायलाही वेळ मिळाला नाही. काकूंच्या पायाला प्लास्टर घातलंय, त्या बऱ्या आहेत आणि सुनांवर पूर्ववत ओरडतायत.

बाकी सर्व क्षेम. मुलांना आशीर्वाद, वहिनींना मीठ कमी खायला सांग.

तुझी,
शरदिनी

ता. क. एक काम होतं. आईच्या ट्रंकेत माझा शाळा सोडल्याचा दाखला असेल. तो रजिस्टर्ड पोस्टाने पाठव. लायसन्सच्या अर्जाला वयाचा पुरावा लागतो. यांना कळवू नकोस, पत्ता काकूंचा घाल.

ता. क. २. तुला खोटं लिहून पाकीट चिकटवणं जमत नाहीये. आषाढात गाडी मी ठोकली. हे दुपारचे झोपले होते, मी किल्ली घेऊन गेले आणि मागे घेताना खांबाला लावली. दूर्वा वाहायला आलेल्या काकूंनी पाहिलं. विसरभोळेपणात यांना ती आपणच ठोकली असं खरंच वाटतंय, अशी माझी समजूत होती. परवा किल्ली देताना हे कानाशी येऊन हळूच म्हणाले, ‘या वेळी खांबाकडे लक्ष ठेव हं.’ तेव्हा दाखला घरच्याच पत्त्यावर पाठव.