राशनच्या तांदळावरची बुरशी

मॅडम, तुमाले देवाघरी जाऊन सहा वर्सं झाले. माहं पोरगं तवा रांगत होतं, आता पह्यलीत जाते. उद्याच्या भेवानं एका जागी बसवत नाई, म्हून लिहून राह्यली. धाडू तं कुठी धाडू?

यवतमाळच्या कॉलेजात तुमी मले काचेचे चंबू धुवाले ठेवलं, थो दिवस ध्यानात हाये. रत्नागिरीहून बर्फाच्या डब्यात समुद्रातले स्पंज आलते. मी म्हणली, "मॅडम, यानं भांडे कायचे घासाचे? हे तं वास मारून राह्यलं." तुमी पोट धरून हासल्या. "अगं, तो प्राणी आहे! त्याच्या आत बुरशी राहते. तिला जेवू घालायचंय, भात शिजव." घरचा भात बुरसला तं आमी फेकतो, अन् इथं तीन हप्ते बुरसू द्याचा, मंग तुमी त्यातून औषधाचा अर्क काढाच्या. एकदा चंबू नीट धुतला नाई तं केवढ्या बोलल्या, "साबणाचा थेंब राहिला तरी माझं काम खोटं ठरतं!"

तुमी गेल्या त्या साली बोंडअळीनं आमचा कापूस खाल्ला. पोरगं नुकतंच भाताले लागलंतं, राशनचा जाडा भात थुकून टाके. बुरशीसाठी तुमी आणलेला बारीक कोलम तांदूळ म्या घरी नेला, चंबूत राशनचा भरला. अन् त्याच खेपीले अर्कात काय हाये थे दाखवणाऱ्या मशीनच्या कागदावर एक नवी रेघ निघाली. "नवीन आहे गं, जगात कुणालाच माहीत नसलेलं!" म्हणत तुमी माह्या तोंडात पेढा कोंबला. अन् वहीत तांदूळ कोलमच लिहला.

आता नवे सर तुमच्या वहीतून थेच काम करून राह्यले. शिशीत जपलेली बुरशी थेच, तांदूळ कोलम, पण रेघ निघत नाई. मांगच्या महिन्यात म्हणाले, "शेवटचं करून पाहतो. नाही निघालं तर मॅडमनं खोटं लिहिलं, असं कळवून टाकतो."  खरं बोलली असती तं माहं काम गेलं असतं. म्हून या खेपीले गुपचूप साऱ्या चंबूत राशनचा तांदूळ भरला.

उद्या अर्क मशीनवर लावतात. रेघ निघाली तं सर इचारतीन, काय बदललं? मंग सांगाच लागन. नाई निघाली तं तुमी खोट्या पडसान, अन् मी वाचीन.

मॅडम, आज सकाळी चंबू धुता धुता मनात आलं, नाईच निघाली तं बरं.