दरवाजावरचे गोल ओरखडे

विजयादशमी, २००६
चेन्नई

आज आईवर ओरडलो. सणाच्या दिवशी.

समुद्राच्या खाऱ्या हवेने जुन्या गाडीचे दरवाजे सडले, म्हणून अंबत्तूरच्या एका कारखान्यातून स्टेनलेस स्टीलचे करून आणले होते, बिनरंगाचे. काल आयुधपूजेला इथल्या पद्धतीने चाकाखाली लिंबू ठेवलं, दरवाजांना चंदन-कुंकू फासलं. सकाळी पाहतो तर आईने चिंच आणि तारेची घासणी घेऊन डाग काढलेले, पूजेच्या भांड्यांसारखे. दरवाजाभर गोल गोल ओरखडे! या पत्र्यावर बारीक आडव्या रेषा असतात, त्यांच्याच दिशेने घासायचं असतं. पण हे मी तिला कधी सांगितलं होतं?

"अरे, घासायचं ते गोलच," ती म्हणाली.

"गाडी म्हणजे काय पातेलं आहे?" असं मी. ती घासणी उचलून आत गेली.

दुपारभर लाकडी ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळून एकाच दिशेने ओढत बसलो. दंड भरून आले. दरवाजा बराचसा सुधारला. हँडलखालचे दोन-चार गोल मात्र जाईनात. तेवढेच डोळ्यांत खुपत राहिले.

संध्याकाळी आईने जेवायला वाढलं. शेवटची पुरी उचलली आणि ताटात तेच गोल दिसले. एकात एक, असंख्य. शाळेत होतो तेव्हापासून याच स्टीलच्या ताटात जेवतोय. हे कसे कधी खुपले नाहीत?

"अजून वाढू?" आईने विचारलं. सकाळनंतर पहिल्यांदाच बोलली.

पोट गच्च भरलं होतं. वाढ म्हणालो.