परीक्षेच्या दिवशीचं सूप

इन्चॉन, १२ मार्च

मियॉन बाळा,

तीन वर्षांची होतीस, तेव्हा तुला अमेरिकेतल्या एका जोडप्याच्या ओटीत घातलं. आता तुला कोरियन येत नसणार, म्हणून सत्तराव्या वर्षी मी इंग्रजीच्या वर्गाला जाते. हे पत्र काही तुला पाठवणार नाही, तेव्हा मोकळेपणी लिहिते.

आज परीक्षा होती आणि तुझा वाढदिवसही. आपल्याकडे वाढदिवसाला करतात ते समुद्री शेवाळाचं सूप दरवर्षीसारखं केलं. शेजारची माल-सुन ओरडली, "अगं बाई, परीक्षेला निघालीस आणि हे बुळबुळीत गिळतेस? घसरशील, नापास होशील!" मी आणखी वाटीभर घेतलं.

घसरलेच. घडून गेलेल्या गोष्टीबद्दल ‘जर’ वापरून वाक्य लिहायचं होतं. मी लिहिलं, ‘जर तू आलीस, तर मी सूप करीन.’ बाई हसल्या, "आजी, हे पुढचं झालं. मी मागचं विचारलं होतं."

मागचंही लिहिलं होतं गं. ‘जर मी त्या दिवशी तुझा हात सोडला नसता, तर’ इथपर्यंत लिहून खोडलं. त्याच्या पुढचं मला कुठल्याच भाषेत येत नाही.

सूप झाकून ठेवलंय.

तुझी आई