मी खाली स्वयंपाकघरात होते

ईस्ट टॅमरॅक, व्हरमाँट
१२ फेब्रुवारी १९८४

तीर्थरूप लोरेनआत्यास,
डेल्फीनचा सा. न. वि. वि. (नमस्कार साष्टांगच आहे, फक्त हातमोजे न काढता केला आहे.)

तुझं पत्र पोस्टाच्या पायरीवरच उभ्याने वाचलं आणि एवढ्या मोठ्याने ओरडले की पोस्टमास्तरीणबाई कोण घसरून पडलं ते बघायला बाहेर आल्या. टूसॉनच्या ट्रॅव्हल ऑफिसातली नोकरी मला खरंच मिळाली! अंगणात संत्र्याची झाडं! मार्चमध्ये बिनबाह्यांचा फ्रॉक! २५ मार्चच्या बसचं तिकीट काढून टाकलं आहे. चोवीस वर्षांच्या आयुष्यात मी कॉनेटिकट नदीच्या, म्हणजे राज्याच्या हद्दीच्या, पलीकडे चारदाच गेले आहे, आणि त्यातही दोनदा दातांसाठी.

पापांना सांगितलं तेव्हा ते कुऱ्हाडीला धार लावत होते. म्हणाले, छान. मग थोड्या वेळाने म्हणाले, तिकडे बर्फ उपसावा लागत नाही म्हणे. आणि पुन्हा धार लावू लागले. आई गेल्यापासून चार वर्षं आमच्या घरात बोलण्याचं खातं माझ्याकडेच आहे, हे तुला ठाऊक आहे.

बाकी इकडे नेहमीचंच. काल पापांची लांब लोकरी चड्डी दोरीवर वाळत घातली, ती गोठून अशी ताठ झाली की मी तिला काखेत धरून घरात आणली आणि चुलीशेजारी उभी केली. पापा आत आले आणि त्यांनी तिला रीतसर नमस्कार केला. शाळेच्या स्वयंपाकघरात मी परवा वाटाण्याचं सूप केलं. एक्केचाळीस मुलं, आणि एकाही वाडग्यात थेंब उरला नाही. पहिलीतल्या बाईंनी येऊन विचारलं, त्यात काय घातलं होतंस? मी नुसता कांदा जास्त परतला होता. दिवसभर मला उगीचच राणी झाल्यासारखं वाटत होतं. आमच्या तपकिरी कोंबडीने थंडीमुळे अंडी देणं बंद केलं होतं, तिने मंगळवारी पुन्हा सुरुवात केली. लाकडांची रास अजून छातीएवढी आहे, म्हणजे एप्रिलपर्यंत काळजी नाही. सकाळी सात वाजता टेकडीवर ऊन येतं तेव्हा ती रास गुलाबी दिसते. मी रोज कॉफी घेऊन ते बघायला जाते, आणि रोज कॉफी गार होते.

तर अशी गंमत. तुझा लोभ इतक्या लांबूनही ऊबदार लागतो, तो चालू ठेव.

तुझीच,
डेल्फीन


टूसॉन, ॲरिझोना
२० फेब्रुवारी १९८४

चि. डेल्फीन हिस अनेक आशीर्वाद.

पत्र पोहोचलं. टूसॉनला तीन ओळी आणि माझ्या भावाच्या चड्डीला अर्धा परिच्छेद, हे माझ्या लक्षात आलेलं नाही असं समजू नकोस. असो. तुझी खोली पिवळी रंगवायला घेतली आहे. पडद्यांचं कापड आणलं. ऑफिसातल्या बाई स्वभावाने बऱ्या आहेत, फक्त त्यांच्यासमोर च्युइंगगम खाऊ नकोस.

आता एक कामाची गोष्ट, नीट ऐक. मार्चचा पहिला मंगळवार म्हणजे गावसभा. त्या दिवशी हॉलमध्ये खुर्ची धर आणि बूड हलवू नकोस. त्या गावाची खोड मी जन्मापासून बघते आहे. हजर माणसाचं नाव कुणी सुचवलं तर तो उठून नको म्हणतो आणि सुटतो. गैरहजर माणसाला नको म्हणता येत नाही, म्हणून हे लोक गैरहजर माणूस शोधत असतात. तुझा बाप एकदा पाच मिनिटं बाहेर जाऊन आला तर गावचा कॉन्स्टेबल होऊन बसला होता. तीन वर्षं निस्तरत होता. तू तहान, भूक, बाकी सगळं घरून आटपून जा.

रेनेला सांग, बहिणीला पत्र लिहिल्याने हात झडत नाहीत. तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या म्हातारीवर लोभ असू दे.

तुझी आत्या,
लोरेन


ईस्ट टॅमरॅक
७ मार्च १९८४

तीर्थरूप आत्यास सा. न. वि. वि.

आत्या, घात झाला! तू मला बोल लाव, पण आधी पूर्ण वाच.

मी खुर्ची धरली होती. शपथेवर सांगते, दोन तास हलले नाही. पण दुपारच्या जेवणाचे बीन्स माझ्याकडे होते, तीन मोठी भांडी, हॉलच्या खालच्या स्वयंपाकघरात. वर रस्त्याच्या खडीवरून वाद चाललेला आणि मला करपल्याचा वास आला. आता सांग, एकशे दहा माणसांचं जेवण करपू द्यायचं? मी खाली पळाले. मोजून सहा मिनिटं.

तेवढ्यात वर मिसेस पार्कहर्स्ट उठल्या. एकतीस वर्षं त्या गावच्या क्लार्क आहेत, जन्म, मृत्यू, लग्नं, जमिनींचे दस्त, कुत्र्यांचे परवाने सगळं त्यांच्या वह्यांत. म्हणाल्या, गुडघे संपले, आता दुसरं कुणी बघा. नंतर सगळे आपापल्या बुटांकडे बघत बसले म्हणे. मग मागून कुणीतरी माझं नाव घेतलं. कुणी म्हणालं, अहो, पोर गाव सोडून चालली आहे. सभा चालवणारे एल्विनकाका म्हणाले, ती हॉलमध्ये आहे का? नाही ना? मग ते आपल्याला अधिकृतपणे माहीत नाही! आणि असा काही ‘हो’चा गजर झाला की खालच्या दिव्याची साखळी हलली. मला वाटलं, रस्त्यावरचा बर्फ हटवायचा नवा नांगर मंजूर झाला. त्या गजरानंतर एकच ‘नाही’ आलं, एकट्या माणसाचं, ठणठणीत. ते कुणाचं, हे मला एकही माणूस सांगत नाही.

मी भांडं घेऊन वर आले तर सगळे उभे राहून टाळ्या वाजवतायत. मला वाटलं, बीन्सला. मी भांड्यासकट कमरेत वाकून नमस्कारसुद्धा केला. आत्या, मी ते पद वाकून स्वीकारलं!

संध्याकाळच्या आत मिसेस पार्कहर्स्ट यांनी सगळ्या वह्या आणि गावाचा शिक्का स्लेजवर घालून आमच्या पुढच्या खोलीत आणून टाकला, मी मत बदलायच्या आधी. आज सकाळी सातला पहिलं गिऱ्हाईक. कुत्र्याचा परवाना. मी विचारलं, जात कोणती? मालक म्हणाले, आईकडून शिकारी, बापाकडून अफवा. मग एक्काहत्तर वर्षांचे मिस्टर डटन आणि त्यांच्या शेजारीणबाई लग्नाच्या परवान्याला आले. बाई फॉर्म भरताना अशा लाजल्या की मलाच खिडकीबाहेर बघावं लागलं. दुपारी वरच्या वाडीतल्या बाळाचं नाव लिहिलं. पेन आधी दुसऱ्या कागदावर चालवून बघितलं. हे नाव पहिल्यांदा कागदावर येतं आहे, आणि ते मी आणते आहे!

मला आनंद झाला, आत्या. सरळच लिहिते. टूसॉनचं पत्र आलं तेव्हा मी ओरडले होते, आज मी ओरडले नाही, पण दिवसभर गुणगुणत होते. कितीतरी दिवस मला वाटत होतं की आयुष्य पुढे कुठेतरी सुरू व्हायचं आहे. आज संध्याकाळी भांडी घासताना ध्यानात आलं, मी त्याची वाट बघतच नाहीये.

पण याच्यावर विश्वास ठेवावा का? मी खरंच सुखी आहे, की पापांना एकट्याने जेवताना मनात आणवत नाही म्हणून सुखाचं कारण शोधते आहे? आजपासून हे माझं मलाच कळेनासं झालंय. शपथ होईपर्यंत नकार देता येतो, तोवर कागदांवर सही मिसेस पार्कहर्स्टचीच. मिसेस पार्कहर्स्टनी १९ तारखेपर्यंत मुदत दिली आहे. तू सांग. रागावलीस तरी सांग, आणि रागावताना लोभ थोडा बाजूला काढून ठेव.

तुझी,
डेल्फीन (क्लार्क, तूर्तास)


ईस्ट टॅमरॅक
८ मार्च

लोरेनला रेनेचा नमस्कार.

पत्र लिहायची सवय नाही, तेव्हा मुद्द्याचं लिहितो. ‘नाही’ मी म्हणालो.

पोरगी चार वर्षं माझ्यासाठी राहिली. कधी बोलून दाखवलं नाही. आता तुझ्यामुळे वाट निघाली, तर गावाने तिला पुन्हा दावणीला बांधलं. एकशे नऊ माणसं हो म्हणाली तेव्हा मला उभं राहून ओरडावं लागलं. लाज वाटली, पण ओरडलो.

मी स्वयंपाक शिकलो आहे. तीन पदार्थ येतात. तिला हे सांगू नकोस. तिला बोलावून घे.

तब्येतीला जप. लोभ कमी पडू देऊ नकोस.

रेने


टूसॉन
१३ मार्च १९८४

चि. डेल्फीन हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र सोमवारी सकाळी मिळालं. वाचून मी खूप रागावले. ब्रश धुतला आणि खोलीचं दार लावून घेतलं. मग दुपारच्या टपालाने तुझ्या बापाचं पत्र आलं. आयुष्यातलं दुसरं. पहिलं आमची आई गेली तेव्हाचं होतं.

त्याने सांगू नकोस असं लिहिलं आहे, म्हणून सांगते. ते ‘नाही’ त्याचं होतं. भरसभेत, शेजाऱ्यांसमोर, चार शब्द बोलायला ज्याला घाम फुटतो त्या रेनेचं. तू मोकळी असावीस म्हणून.

मी ते गाव सोडलं तेव्हा एकोणीसशे एक्कावन्न साल होतं. माझे वडील गोठ्यात काम करत राहिले, हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. तेहतीस वर्षं मी इथे सुखात आहे, अगदी खरं, पण त्यांना काय हवं होतं हे मला कधी कळलं नाही, आणि ते मला आजही बोचतं. तुला तुझ्या बापाचं मन कळलं आहे, तेही मोठ्या आवाजात. तू नशीबवान आहेस.

तेव्हा आता ऐक. तो जेवेल. तीन पदार्थ येतात त्याला. मीही जगेन, पिवळ्या खोलीत मी शिवणयंत्र ठेवीन. माझ्यासाठी येऊ नकोस आणि त्याच्यासाठी राहू नकोस. आम्ही दोघंही तुझ्या यादीतून आमची नावं खोडतो आहोत. उरलं त्यात काय आहे ते बघ आणि मला कळव. काहीही कळवलंस तरी माझा लोभ जिथल्या तिथे आहे, तो काही गावसभेच्या मतावर ठरत नाही.

तुझी आत्या


ईस्ट टॅमरॅक
१९ मार्च १९८४

तीर्थरूप लोरेनआत्यास,
सा. न. वि. वि. आज हातमोजे काढून.

तुझं पत्र शनिवारी आलं. वाचलं आणि लाकडांच्या राशीमागे जाऊन पोटभर रडले. मग तू सांगितलंस तसं केलं. पापांना बाजूला ठेवलं, तुला बाजूला ठेवलं, आणि रविवारचा अख्खा दिवस नुसती आपल्या मनाशी राहिले. बर्फ उपसला. कोंबड्यांना दाणे घातले. वह्या चाळल्या. एकोणीसशे सोळामध्ये कुणीतरी एका रकान्यात नुसतंच लिहून ठेवलं आहे, आज हवा फार सुंदर. क्लार्कला असं लिहायची परवानगी नसते. त्याला राहवलं नाही, एवढंच. मी ती ओळ चारदा वाचली आणि मला एकटीलाच हसू फुटलं. आत्या, तू नव्हतीस, पापा नव्हते, बघायला कुणीच नव्हतं, आणि मला दुसरीकडे कुठेही असावंसं वाटत नव्हतं.

तिकीट परत केलं. टूसॉनच्या बाईंना माफीचं पत्र धाडलं आहे, तुझ्या पडद्यांच्या कापडाची माफी तुझ्याकडे मागते.

गैरहजेरीत निवडून येता येतं, पण शपथ हजर राहूनच घ्यावी लागते. आज सकाळी दहा वाजता हॉलमध्ये मिसेस पार्कहर्स्टनी ती मला दिली. एल्विनकाका आले होते, मिस्टर डटन आपल्या होणाऱ्या बायकोला घेऊन आले होते. पापा दाराशी उभे होते, टोपी हातात. मी इतक्या मोठ्याने शपथ घेतली की मिसेस पार्कहर्स्ट म्हणाल्या, पोरी, मी गुडघ्यांनी अधू आहे, कानांनी नाही.

घरी येताना गाडीत मी पापांना सांगितलं की ते ‘नाही’ कुणाचं ते मला कळलं आहे. ते लाल झाले. तुझ्या नावाने काहीतरी आपल्या घरच्या फ्रेंचमध्ये पुटपुटले, ते लिहीत नाही. पुलावर म्हणाले, क्लार्कची निवड दर वर्षी असते, आणि पुढच्या मार्चमध्येही मी नाहीच म्हणणार, तुला कधी जावंसं वाटलं तर दार उघडं हवं. मी म्हटलं, जरूर म्हणा. फक्त पुढच्या वर्षी बीन्स तुम्ही सांभाळायचे. मी वर पहिल्या रांगेत बसलेली असेन, आणि एल्विनकाकांनी माझं नाव पुकारलं की पहिलं ‘हो’ माझं असेल.

लोभ वाढता राहो, आणि उन्हाळ्यात तो स्वतः घेऊन ये.

तुझीच,
डेल्फीन थिबो
गाव क्लार्क, ईस्ट टॅमरॅक