दुप्पट उजेड

जळगाव,
९ जानेवारी २०२५

प्रिय प्रशील,
जय भीम.

फोन तू उचलत नाहीस, ते बरोबरच आहे. नोकरी बरी चालली असेल. इकडे थंडी चांगलीच पडली आहे. प्रयोगशाळेचा फ्रीज पुन्हा रुसला. नूतनने जिवाणूंच्या बश्या बर्फात ठेवून वाचवल्या. शनिवारी पोरांनी असोद्याची वांगी आणून भरीत केलं. मी दोन घास खाऊन उठलो.

हे सगळं लिहितोय, कारण मुद्द्यावर यायचा धीर होत नाही.

आपलं ते एन्झाइम, जिवाणूच्या पेशीभोवतीच्या पडद्यासाठी चरबी बनवणारं. त्याला चमकता हिरवा रंग जोडला, तेव्हा पेशी दुभंगताना मध्ये पडणाऱ्या भिंतीवर लख्ख रेघ दिसली. एन्झाइमची बैठक तिथेच, असं मी ठोकून दिलं आणि शोधनिबंध धाडला. दिवाळीआधीच्या बैठकीत तू म्हणालास, "सर, तिथे दोन पडदे एकमेकांना चिकटून असतात. उजेड दुप्पट दिसणारच. एकदा नुसता पडदा रंगवून बघू या."

"आधी मायक्रोस्कोप नीट लावायला शीक," मी म्हणालो. सगळे हसले. तू दुसऱ्या दिवसापासून आला नाहीस.

गेल्या शुक्रवारी हितेंद्र, माझ्या मावसभावाचा मुलगा, तेच बोलला. मी म्हटलं, "शाब्बास! करून बघ." त्याने पडदा रंगवला. तीच रेघ, तितकीच लख्ख. म्हणजे एन्झाइम सगळ्या पडद्यावर सारखंच पसरलेलं होतं. नूतन हळूच म्हणाली, "सर, हे प्रशील म्हणाला होता." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

निबंध मागे घेतला. त्याची लाज नाही वाटत, प्रयोगात चुका होतात. पण हितेंद्र माझ्या नात्यातला, माझ्या जातीचा, म्हणून त्याचं मी ऐकलं. तू तोंड उघडायच्या आतच तुला काही कळत नाही असं मी धरून चाललो होतो. खरं हेच आहे.

रविवारी धुळ्याला तुमच्या घरी आलो होतो. भाईदासनाना म्हणाले, "पोऱ्या नरडाणाले कामवर जायेल शे. बठा सर, च्या ल्या." मी बसलो. तू सगळं सोडून घरी का आलास, हे तू वडिलांना सांगितलंच नव्हतंस. मग त्यांनी विचारलं, "पोऱ्याना हातथून काय चुकनं व्हतं, सर? बठ्ठं सोडीसन घर ई बसना."

"काही नाही," एवढंच मी पुटपुटलो, चहा संपवला आणि एसटी गाठली.

उद्या बैठकीत त्याच लोकांसमोर तुझं नाव घेऊन सगळं सांगणार आहे, जातीचंसुद्धा. परत ये म्हणायचा मला हक्क नाही. यावंसं वाटलं तर जागा तुझी आहे. एकोणीस तारखेला, रविवारी, मी पुन्हा धुळ्याला येतोय. नानांना उत्तर द्यायचं राहिलंय. तू दार लावून घेतलंस, तरी ओट्यावर उभा राहून देईन. शेजाऱ्यांनी ऐकलं तर ऐकू दे.

तुझा सर म्हणवून घ्यायला लाजणारा,
भूपेंद्र पाटील