ओळख देत नाही

प्रिय दादा,

टेबलावर पत्र बघून दचकू नकोस. फोनवर मी बोलायला लागले की तुला नेमकी मीटिंग लागते. कागदाचं बरं असतं, त्याला मध्येच तोडता येत नाही. फाडता येतो, पण तोवर वाचून झालेलं असतं.

बाबांना भेटायला गाडी घेऊन आले. येऊन उपयोग नाही, ते कुणालाच ओळखत नाहीत, तुला उगीच त्रास होईल, असं तू वर्षभर सांगत होतास. माझ्या त्रासाची तुला एवढी काळजी कधीपासून, ते काही पटेना. म्हटलं, नाही ओळखणार तर नाही, पण ते माझ्या तोंडावर होऊ दे.

पहाटे निघाले आणि वाटेत ऐकायला तुझीच व्याख्यानं लावली. रस्ता लांब आणि एकसुरी. दोन्ही बाजूंना गोदामं, पुढे ट्रकची रांग. तुझ्या आवाजाशी छान जमून गेलं. चढ लागला तेव्हा तू ‘बाबा मला विसरले’ इथवर आला होतास आणि सभागृहात नाकं शिंकरली जात होती. पेट्रोल भरेपर्यंत तू बाबांना स्वतःच्या हाताने भरवलंस, पुढच्या टोलनाक्यापर्यंत त्यांची नखंही कापलीस. मग टायर बसला. पंक्चरवाला कान देऊन ऐकत होता. म्हणाला, काय देवमाणूस आहे हो. मी म्हटलं, माझा सख्खा भाऊ. त्याने जॅक सोडून हात जोडले. त्याचा नमस्कार तुला पोचवला, बरं का.

पोचले तर देवमाणूस घरी नव्हता. कुठल्याशा गावात माईकवरून बाबांची सेवा करत होता. बाबांना सांभाळणाऱ्या बाईंनी दार उघडलं. पाहुण्यांना आत सोडायचं नाही अशी साहेबांची सक्त सूचना आहे म्हणाल्या. मी म्हटलं, मी पाहुणी नाही, पोरगी आहे. त्या इतक्या पटकन बाजूला झाल्या, की वाटच बघत असाव्यात.

गॅरेजमागे, जिथे आपण जुन्या सायकली ठेवायचो, तिथे बाबांची खोली. दारावर तुझी छापील पाटी: ‘वडीलांची खोली’. अरे, जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या त्या माणसाने, कधी एक वेलांटी चुकवली नाही, आणि त्याच्याच दारावर दीर्घ डी! बाबा दाराकडे पाठ करून बसले होते. म्हटलं, दादा खरं बोलत होता तर. तेवढ्यात मान न वळवता ते म्हणाले,

“भोंगा, अजून दुसऱ्याच गिअरमध्ये गाडी रेटतेस का गं?”

मी जाऊन त्यांच्या पुढ्यात बसले. मग गुडघ्याची चौकशी झाली, लेकीच्या नोकरीची झाली, माझ्या नवऱ्याच्या घोरण्याचीसुद्धा झाली. बाबा आणि बाई रोज दुपारी पत्ते खेळतात आणि बाबा सर्रास लबाडी करतात, असं कळलं. शेवटी न राहवून विचारलं, मग दादालाच तेवढं कसं ओळखत नाही? त्यांनी चष्मा काढला, सावकाश पुसला.

“ओळखतो की. ओळख देत नाही.”

ऑपरेशननंतर गुंगीत काही दिवस ते बरळले, ते खरं. गुंगी उतरली. पण तोवर तू तिच्यावर व्याख्यान बेतून मोकळा झाला होतास. त्यांना पहिल्या रांगेत बसवून स्टेजवरून सांगितलंस, की माझे वडील असून नसल्यासारखे आहेत. लोक माना वळवून बघत होते. एका बाईंनी तर त्यांच्या गालावरून हात फिरवला. ते सगळं ऐकत होते, दादा. त्या दिवशी त्यांनी तुला टाकलं. नंतर मोबाइल रोखून तू विचारायचास, मी कोण, सांगा बरं. ते अदबीने म्हणायचे, आपण कोण? पोटच्या पोराला ‘आपण’ म्हणणारा बाप आजारी नसतो रे, संतापलेला असतो. तू मात्र ते चित्रफितीत घातलंस, खाली करुण संगीत लावून.

आता मुद्द्याचं. परवा तुझा ‘आदर्श पुत्र’ म्हणून सत्कार आहे आणि निमंत्रणावर ‘वडिलांची मूक उपस्थिती’ छापलंय. बाबा आत्ता माझ्या गाडीत बसलेत, कपडे, रेडिओ आणि रंगाचे ब्रश घेऊन. यापुढे ते माझ्याकडे राहतील. बाईही येताहेत, डाव अर्धा राहिलाय म्हणून. पण आधी आम्ही सत्काराला येणार. संयोजकांना फोन करून मी ते ‘मूक’ काढायला लावलंय. बाबा दोन शब्द बोलतील म्हटल्यावर त्यांना भरूनच आलं. काय बोलणार ते मला सांगत नाहीत, विचारलं की नुसते हसतात. आजारी बिजारी पडू नकोस, तू नसलास तर तुझाही वेळ ते घेतील. आणि हे तुला गुपचूप स्टेजवरच कळू दिलं असतं तरी चाललं असतं. पण तेवढ्याने माझं भागेना. मधल्या दोन रात्री तुझ्या डोळ्याला डोळा लागू नये, म्हणून लिहिलं.

तुझीच,
धाकटी