चहा झाला

गुरुवार, २१ नोव्हेंबर १९९६. डोंबिवली, संध्याकाळ.

मेधाचा बंगलोरहून फोन. "बाबा, कॉम्प्युटरवर मोर्सचा प्रोग्राम टाकून दिलाय ना, चालवून तरी बघा!" बघितला एकदाचा. काळ्या पडद्यावर 'मोर्स' लिहायचं, पुढे हवा तो मजकूर, की एंटर. यंत्र पिपाणीसारखं वाजायला लागतं. आमची नवरा-बायकोची अख्खी नोकरी तार ऑफिसात हेच मोर्स वाजवण्यात गेली, आणि आता हे!

पण लिहू काय? आणि कुणाला? बोटांनी आपलंच लिहिलं: चहा झाला.

नलिनी रोज हेच वाजवायची, स्वयंपाकघरातून, पातेल्याच्या झाकणावर चमच्याने. आई तिन्हीसांजेला जपाला बसायची, म्हणून नलिनी हाक मारायची नाही. आई गेल्यावरही चमचा चालूच राहिला. मी इकडून खुर्चीच्या हातावर 'आलो' वाजवायचो. निरोपाची पोच द्यायचीच, ही ऑफिसातली शिस्त.

शेवटचा डॅश ती चमचा झाकणावर घासत जरा लांबवायची. यंत्राने नाही लांबवला. परीक्षेला बसल्यासारखं अगदी मोजून मापून. छे, मला नाही आवडलं.

तरी वाजून संपलं आणि मी चष्मा काढला, उठलो, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो. मीच लिहिलेलं, मीच उठलो! वेडाच आहे मी. नलिनीला जाऊन दोन दिवाळ्या झाल्या. ओट्यावर सकाळचं पातेलं पालथं, शेजारी झाकण, चमचा.

परत फिरणार होतो. पण पोच राहिली होती. चौकटीवर बोटाने वाजवलं: आलो.